रिकामा गळा

पित्ताशयातले खडे काढायचे म्हणजे पोट फाडायचे, एवढेच बसम्माला कळले होते. त्या भीतीवर तिच्याकडे एकच औषध होते, गळ्यातले इष्टलिंग. तान्ही असताना लिंगायतांच्या गुरूने, जंगमाने बांधलेले. रोज पूजेला तळहातावर घ्यायचे आणि पुन्हा गळ्यात. नेकनूरहून बीडला येईपर्यंत तिची मूठ लिंगाच्या चांदीच्या डबीवरून हलली नव्हती.

आणि आता नर्स म्हणत होती, "मावशी, गळ्यातलं काढा. आत काहीच चालत नाही."

"दागिना न्हाई बाई ह्यो. देव हाय."

"मग देवाला बाहेर बसवा. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

बसम्मा पार गोंधळून गेली. देव बाहेर आणि आपण आत? तसेच मरण आले तर? आणि नाही काढले तर ती जीवघेणी कळ पुन्हा मागे लागणार. गावच्या स्वामींना विचारावे म्हटले, तर मेला फोन लागेना.

शेवटी तिने लेकाला हाक मारली. मन्मथचे नेकनूरला किराणा दुकान. "तुज्या लिंगाशेजारी गळ्यात घाल. खिशात घालशील तर बघ!"

मन्मथ जागचा हलेना. मग त्याने हळूच शर्टाचे वरचे बटण काढले. गळा रिकामा.

"कवापासून?"

"चार वर्सं झाली, माय. दोरा तुटलता. दुकानात डब्यात ठिवलं, ते राहूनच गेलं."

चार वर्षे! गेल्या साली मांजरसुंब्याच्या घाटात याची मोटरसायकल ट्रकखाली चक्काचूर झाली आणि हा पठ्ठ्या गुडघा झटकत उभा राहिला. गळ्यातल्या लिंगाने राखले म्हणून तिने कपिलधारला अभिषेक केला, गावभर सांगत फिरली. अन् लिंग साबुदाण्याशेजारी डब्यात! रागाने तिचे ओठ हलले, पण निघाले भलतेच.

"मग त्या टायमाला तुला राखलं कुनी?"

मन्मथने मान खाली घातली. "त्यानंच, माय. दुसरं कोन हाय?"

यात बरोबर काय, चूक काय, बसम्माला काही उलगडेना. मग तिने स्वतःच दोरा डोक्यावरून काढला आणि लेकाच्या गळ्यात घातला. "मी येईस्तोवर सांभाळ. तुजं घरी गेल्यावर बगते."

आत मोठ्या दिव्याखाली डॉक्टरांनी विचारले, "मावशी, भीती वाटते का?"

"मघाशी लई वाटलती," ती म्हणाली. मग रोज पूजेला धरायची तसा डावा तळहात उघडून तिने डोळे मिटले.