व्हाळाची साक्ष

वर्षाने पांढरा ट्रे तिसऱ्यांदा उन्हाकडे कलता केला आणि तिच्या तोंडून "श्शी!" निघालं. तीन मिनिटं पायाने तळ ढवळला, जाळी धरली, आणि हाती काय, तर तीन-चार लाल अळ्या. गढूळ, कुजक्या पाण्यातही तग धरतात त्या. एवढ्या गर्द रानातल्या ओहोळात, तळ दिसेल इतक्या नितळ पाण्यात? खालच्या जागेवरही हेच झालं होतं. जागा ठरवायला ती नोव्हेंबरात आली, तेव्हा दगड उचलावा त्याखाली काहीतरी वळवळत होतं.

"किते गो बाय, बरें आसा मगो?" काठावरून सगुणकाकांनी विचारलं.

डिचोलीतल्या या वाड्यावरचं त्यांचं कुळागर, पोफळी, केळी, मिरीचे वेल, सगळं याच व्हाळावर जगत होतं. वरच्या डोंगरावर कुणीतरी चिऱ्यांच्या खाणीची परवानगी मागितली होती आणि गुरुवारी सुनावणी होती. वर्षाच्या संस्थेने तीन ठरलेल्या जागी पाण्यातले किडे मोजायचे, त्यावरून व्हाळाला गुण द्यायचे. गुण चांगले आले तर खाण लांब. कमी आले तर खाणवाले म्हणणार, व्हाळ मेलेलाच आहे, आणखी काय बिघडणार?

"काका, इथं पानं नाहीत. लाकडं नाहीत. दगडसुद्धा..." ती थांबली. दगड काठावर रचलेले होते, मोठे खाली, लहान वर. शेजारी कुजक्या पानांचा ओला ढीग.

"तर! काल आमी सोळा जाण लागलों. आमची सुशीला, कमलाक्षी, सगळीं. दगड काथ्यान घासले. तू तपासूंक येतली आनी व्हाळ घाण? आमकां लज न्हय?"

त्यांचा चेहरा इतका खुलला होता की तिला ओरडताही येईना. पण ओरडलीच शेवटी.

"अहो, किडे त्या पानांतच राहतात ओ! दगडाखाली राहतात! घर झाडता झाडता घरातली माणसंच झाडून टाकलीत तुम्ही!"

सगुणकाकांनी ढिगाकडे पाहिलं. मग वाकून मूठभर पानं घेतली आणि पाण्यात टाकली. पानं वाहून गेली. त्यांनी दुसरी मूठ टाकली, तीही गेली.

"किते दीस लागतले परत येवंक?"

"महिना तरी. तुम्ही साफ केलं हे मी शेऱ्यात लिहीन. पण शेरा कोण वाचतं? आकडा वाचतात."

उरली होती तिसरी जागा, देवराईतली. तिथलं वाळकं पानसुद्धा उचलायचं नाही ही रीत, त्यामुळे तिथे झाडणारे हात पोचले नव्हते. दोघांनी चपला बाहेर काढल्या. पाण्यात उतरताना ती दोनदा घसरली.

जाळी उपसली आणि ट्रेभर पळापळ सुरू झाली. तीन शेपट्यांचे, दोन शेपट्यांचे, वाळूची नळी अंगावर ओढत चालणारे. चांगल्या पाण्याशिवाय न जगणारे सगळे. "पंचवीस, सव्वीस, सत्तावीस!" ती हसायलाच लागली.

"तरलों?"

"तरलो काका! फक्त हे न्यायला लागतील. ओळख पटवून अहवालाला जोडायचे."

काकांनी ट्रेकडे पाहिलं, मग झाडाखालच्या राखणदाराच्या पाषाणाकडे.

"हांगाचें कायच भायर व्हरूंक जायना. थांब, देवाक गाराणें घालतां."

टॉवेल खांद्यावर नीट घेऊन त्यांनी हात जोडले. "बा देवा राखणदारा, चूक आमच्यान जाली. तुजीं चार पोरां साक्षीक व्हरतों. साक्ष जातकच जितीं परत हाडून सोडतों, म्हाराजा."

असं जिवंत परत आणायचं वचन दिलं की मागच्या माणसाने होकार द्यायचा असतो. वर्षा बाटलीशी झटत होती. "व्हय म्हाराजा," म्हणून ती मोकळी झाली आणि झाकण उघडलं.

दारूसारखा वास पसरला. काका वळले.

"हांतूं सोरो?"

"स्पिरिट. त्यात ते टिकतात."

"जिते?"

वर्षाने नकारार्थी मान हलवली. तिला स्वतःचीच लाज वाटली. "साध्या पाण्यात नेले तर वाटेत पाय, शेपट्या तुटतात, काका. मग ओळख पटत नाही. मी आधी सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं."

ट्रे पाण्यात उलटा केला की झालं, तिच्या मनात आलं. पण गुरुवारी सुनावणी होती.

"हाड तो चमचो," ते म्हणाले.

तिच्याकडून चमचा घेऊन एकेक किडा त्यांनी स्वतःच्या हाताने बाटलीत सोडला. एकही सांडला नाही. सत्ताविसावा वाळूच्या नळीतला. झाकण लावून त्यांनी बाटली वर्षाच्या हातात दिली आणि पुन्हा पाषाणासमोर उभे राहिले.

"बा देवा, जिते हाडतों म्हणलों तें खोटें जालें. काल झाडपी हात म्हजे, आज मारपी हातय म्हजे. व्हाळ राख, वाडो राख. दोश म्हज्या एकट्याचो, म्हाराजा."

ते थांबले. मागून होकार आल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. बाटलीतले किडे अजून तळाशी बसले नव्हते.

"म्हण गो बाय."

वर्षाने तोंड उघडलं. मघाशी सहज निघालेला 'व्हय' आता काही केल्या निघेना.

"दोघांचा, म्हाराजा," ती म्हणाली.