कडक ओढणी

बोरसे सरांनी निळी झालेली परीक्षानळी बेसिनमध्ये ओतली आणि टेबलापलीकडच्या धनश्री आणि पूजाकडे वळले.

"पूड ग्लुकोजची होती. आयोडीन टाकल्यावर रंग बदलायलाच नको. निळा होतो तो स्टार्चने. स्टार्च आलं कुठून?"

बारावी सायन्सची ही प्रॅक्टिकल परीक्षा होती. यात गेलं की वर्ष गेलं.

"एकच पुडी उरलीय. जिची चूक नाही तिनं पुन्हा करायचं. दुसरी नापास. बोला."

"हिची चूक," धनश्री ताबडतोब म्हणाली. "हिनं शेजारच्या टेबलावरचा चमचा घेतला."

"तू खोटं बोलस!" पूजा उसळली. "नळी तर तुन्हाच हातमा व्हती!"

"घरची भाषा घरी."

सरांनी दोघींना वरपासून खालपर्यंत पाहिलं. धनश्रीची पांढरी ओढणी ताठ, घडी न मोडलेली. पूजाची चुरगळून पिनेला कशीबशी लोंबत होती. न्याय तेवढ्यातच झाला.

"धनश्री, तू कर. पूजा, बाजूला हो."

"तुन्हं भलं नही व्हणार," भिंतीकडे जाता जाता पूजा दात चावत म्हणाली.

धनश्रीला काही वाटलं नाही. उलट जीव भांड्यात पडला. चमचा-बिमचा तिने काही पाहिला नव्हता.

तिने नळी धुतली. मघासारखंच, घरी पेला पुसतात तसं, ओढणीच्या टोकाला पीळ देऊन ते आत फिरवलं. टोक कडक होतं. तिची आई, प्रमिलाबाई, सुरतेच्या साडी मार्केटात दिवसभर घड्या घालायची. कापड कडक दिसलं की लोक मान देतात, हे तिने तिथेच पाहिलं होतं. म्हणून आज पहाटे आईने भाताची घट्ट खळ काढून ओढणी त्यात बुडवली होती.

आयोडीनचा ड्रॉपर उचलताना एक थेंब धनश्रीच्या ओढणीवर पडला. पिवळसर थेंब बघता बघता निळाकाळा झाला.

तिने डाग पाहिला. मग हातातली नळी पाहिली. मग डाग मुठीत दाबला.

स्टँडवर दुसरी स्वच्छ नळी होती. तीत पूड टाकली असती तर कोणाला काही कळलं नसतं. भिंतीपाशी पूजा ओढणीने नाक पुसत होती, आवाज होऊ न देता. धनश्रीला स्वतःची किळस आली.

"सर." तिने मूठ उघडली. "ओढणीला खळ आहे. नळी मी मघाशी ओढणीनंच पुसली होती. चमच्याचं खोटं सांगितलं."

सरांनी डाग पाहिला. त्यांचे कान लाल झाले.

"बाहेर हो," ते म्हणाले. पूजाला त्यांनी नुसतं हातानं बोलावलं.

पूजा आली. तिने धनश्रीच्या हातातून नळी हिसकावली.

"सरक."

नळी तिने दोनदा धुतली आणि आपल्या चुरगळलेल्या ओढणीने पुसली.