शाळेतलं गाण्यांचं कपाट

धरणाच्या पाण्यात आमचं गाव बुडालं, तेव्हा मी आईच्या कडेवर होते. नाईलकाठचं ते गाव मला ठाऊक आहे ते गाण्यांतूनच. पुढे कोम ओम्बोजवळच्या नव्या वसाहतीत मी संगीतशिक्षिका झाले. शाळेत पेटी होती, कैरोहून आलेली पुस्तकं होती, पण आमच्या न्यूबी भाषेतलं गाणं एकही नव्हतं. एखाद्या शिक्षकाला ते वर्गात शिकवावंसं वाटलं, तरी शिकणार कुठून?

मुख्याध्यापक शुक्री सरांनी या गाण्यांसाठी नकाशांचं कपाट रिकामं करून दिलं. "भरा बाई," ते म्हणाले, "फक्त वाळवीला विचारून. ती आधीपासून राहते."

मी डफ आणले, पाच तारांची एक जुनी किसिर मिळवली आणि टेपरेकॉर्डर घेऊन गाणी टिपत घरोघर हिंडू लागले.

नवरीला नावेतून पैलतीरी नेतानाचं गाणं मात्र सबंध येत होतं ते एका माझ्या आत्यालाच. अवादाआत्याला मी शाळेत आणलं. टेपरेकॉर्डर तिच्यापुढे ठेवला.

"म्हण ना आत्या."

"कुणासाठी? या डब्याचं लग्न ठरलंय का?"

"आमच्या शिक्षकांना शिकायचंय गं."

"मग ते कुठायत? उभं कर त्यांना. टाळ्यांशिवाय नाव हलत नाही."

मधल्या सुट्टीत मी सगळ्यांना गोळा केलं आणि टेप सुरू केली. समोरासमोर दोन रांगा झाल्या. गणिताच्या फिक्री सरांची टाळी सारखी चुकायची आणि आत्या गाणं थांबवायची.

"मास्तर, दोनाचा पाढा येतो ना?"

हशा पिकायचा. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

शेवटच्या कडव्यात आमच्या घाटाचं नाव येतं. तिथे आत्या अडली. तेवढ्यात मागून शुक्री सरांनी पुढची ओळ उचलली, चांगलीच बेसूर. त्या घाटावर ते पोहायला शिकले होते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आत्याने डोळे पुसले आणि त्यांच्या सुरात सूर मिळवून गाणं पुरं केलं.

"उद्या नीट रेकॉर्ड करून घेऊ," मी म्हटलं.

"याहून नीट काय असतं?" म्हणत ती चपला घालून निघाली.

ती कॅसेट तशीच कपाटात ठेवली. नवे शिक्षक तीच ऐकून शिकतात. शुक्री सर आता निवृत्त झालेत. कधीमधी येतात, करकडेच्या सुकवलेल्या फुलांचा लालभडक चहा घेतात आणि म्हणतात, "बाई, ते नावेचं लावा जरा." मग आम्ही दोघं ऐकत बसतो.