सेडानची चाकं

चाक बसू नये, असं डेसला मनापासून वाटत होतं. जॅकवर उचललेल्या गाडीशेजारी तो गुडघे टेकून बसला होता. हातात जुन्या सेडानचं लोखंडी चाक होतं. भोकं आणि बोल्ट जुळू नयेत, निदान आत ब्रेकला तरी घासावं, एवढंच मनात होतं. त्यानं चाक उचलून बोल्टांवर टेकवलं आणि ते अलगद आत सरकलं. फिरवून पाहिलं, तर कुठेही न लागता गरागरा फिरलं.

"बसलं की," मागून लिंडन म्हणाला. अल्व्हरस्टनबाहेरच्या या भंगारवाड्याचा तो मालक, डेसचा शाळेपासूनचा दोस्त. "तोंड का असं केलंयस? बसायचंच होतं ते. एका कंपनीच्या गाड्या, एकाच काळातल्या."

"खात्री करून घेतली."

"खात्री कसली? तुला तेव्हाही माहीत होतं."

 डेस पाना घेऊन नट आवळू लागला.

डेसचा सगळा जन्म काउन्सिलच्या नोकरीत, घरोघरचे पाण्याचे मीटर वाचण्यात गेला. कुणाच्या तरी आवारात शिरायचं, झाकण उचलायचं, आकडा टिपायचा, कुत्र्याला चुचकारत बाहेर पडायचं. त्याचं नाव कुणाला ठाऊक नसे. पण शनिवारी तो आपली नारिंगी डॅटसन 240झेड ही जुनी स्पोर्ट्स कार बाहेर काढायचा, तेव्हा माणसं दुकानांतून बाहेर येऊन बघायची. तिला त्यानं रुंद, चकचकीत, हलक्या धातूची मॅग चाकं आणि पट्टीसारखे पातळ टायर चढवले होते. गाडी रस्त्याला चिकटून पळायची, पण रस्त्यावरचा खडा न् खडा आत बसणाऱ्याच्या पाठीत शिरायचा.

आणि त्याच्या बायकोची, व्हर्नाची, पाठ मुळातच नाजूक. धाकट्या मुलीच्या बाळंतपणात धरली, ती पुन्हा सुटलीच नाही. तिची आई किनाऱ्यानं बरंच पश्चिमेला, स्टॅन्लीत एकटी राहायची. घरात गाडी हीच एक. आईकडे जाऊन आली की व्हर्ना अंथरूण धरायची. एकदा तिनं विचारलं होतं, "एखाद्या साध्या गाडीची चाकं, जाड टायरवाली, नाही का बसत हिला?"

"नाही बसत. हिचं सगळं वेगळंच असतं," डेस म्हणाला होता. बोनेटमधून डोकं वर न काढता.

बसतात, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण त्या चाकांवर गाडी टॅक्सीसारखी दिसली असती आणि गाडीशौकिनांच्या क्लबातल्या मंडळींनी टर उडवली असती. व्हर्नानं पुन्हा विचारलं नाही. तिच्या स्टॅन्लीच्या फेऱ्या कमी होत गेल्या, मग नुसते फोन उरले. एका हिवाळ्यात आई गेली. अंत्यविधीला व्हर्ना याच गाडीतून गेली, पाठीशी उशी घेऊन, ओठ आवळून.

आता तिला कर्करोग झाला होता आणि तो मणक्यांत उतरला होता. डॉक्टर बरं होण्याविषयी बोलायचे थांबले होते, दुखणं कमी कसं राहील एवढंच बघत होते. आदल्या दिवशी चहा पिताना ती म्हणाली, "स्टॅन्लीला एक चक्कर मारू."

"लिंडनची मोठी गाडी मागून आणतो."

"नको, आपलीच काढ. इतकी वर्षं सवत म्हणून घरात नांदवली तिला. एकदा तरी तिच्यात नीट बसू दे."

ती हसत म्हणाली होती, पण डेसनं अर्धा चहा तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी उठून तो भंगारवाड्यात आला होता.

जेवणाच्या वेळेआधी चारही चाकं चढली. एवढंसंच काम होतं. पाना पुसून ठेवताना त्याला स्वतःची शिसारी आली.

"मॅग कुठं ठेवू?" लिंडननं विचारलं.

"माझ्या नजरेला पडणार नाहीत असं कुठंही."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्ना काठी टेकत बाहेर आली आणि गाडीसमोर थबकली.

"लग्नाच्या सुटाखाली गमबूट घातल्यासारखी दिसतेय, बिचारी."

डेसनं तिला हळूच आत बसवलं. बर्नी गाव मागे पडलं आणि रस्ता समुद्राकाठानं धावू लागला. एक खड्डा आला. डेसनं चोरून तिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे पाण्याकडे बघत होती. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे त्याला कळत होतं.

"व्हर्ना, एक सांगायचंय. या चाकांचं."

"बसतात, हेच ना?"

डेसनं चमकून तिच्याकडे पाहिलं.

"लिंडननं सांगितलं होतं मला. आई होती तेव्हाच. ट्रेलरचा टायर आणायला गेले होते, सहज विचारलं. म्हणाला, एका सकाळचं काम आहे."

डेसचा पाय पेडलवरून आपोआप उठला. गाडी मंदावली.

"मग मला बोलली का नाहीस?"

"तू आपणहून सांगशील म्हणून थांबले. पुढे भीती वाटायला लागली, विचारलं आणि तू पुन्हा तेच उत्तर दिलंस तर? मग आई गेली. त्यानंतर भांडून काय मिळणार होतं?"

"मी फार वाईट वागलो."

"हो," व्हर्ना म्हणाली. मग तिनं पुढे बोट दाखवलं. "त्या ट्रकच्या मागे नको राहूस, धूर येतोय."

स्टॅन्लीत तिच्या आईच्या घराला कुणीतरी निळा रंग दिला होता. अंगणात मुलांच्या सायकली पडल्या होत्या. व्हर्ना उतरली नाही. काच खाली करून नुसती बघत राहिली. डेसनं बेकरीतून शिंपल्यांचं सारण भरलेली पेस्ट्री आणली. तिनं अर्धी खाल्ली, उरलेली त्याच्या हातात दिली.

"आई दर वेळी विचारायची, इतक्या दिवसांनी का येतेस? पाठ कशानं धरते?"

"काय सांगायचीस?"

"रस्ता खराब आहे म्हणायचे."

डेसच्या हातातली पेस्ट्री तशीच राहिली. समोरचा रस्ता सरळ, गुळगुळीत होता. टेकडीपर्यंत स्वच्छ दिसत होता. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण जे म्हणायचं ते तिच्या आईला म्हणायला हवं होतं.

"तुला माफ केलं असं समजू नकोस," काच वर करत व्हर्ना म्हणाली. "पण आज पाठ दुखली नाही, हेही खरं. चल."

परतीच्या वाटेवर तिचा डोळा लागला. या गाडीत ती कधी झोपल्याचं डेसला आठवत नव्हतं. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. अल्व्हरस्टन आलं, त्यांची गल्ली आली, फाटक दिसलं. गाडी थांबली की ती जागी होणार, मग उतरणं, काठी, गोळ्या. डेसनं वेग कमी केला आणि फाटकावरून तसाच पुढे गेला.

गावाबाहेर मागून एका गाडीनं दिवे मारले. डेसनं आपली गाडी आणखी डावीकडे घेतली, काच खाली केली आणि हात बाहेर काढून मागच्या गाडीवाल्याला पुढे जायची खूण केली.