आबांचं शेत माझ्या पोटात आहे

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. माझ्या काचेला एका कोपऱ्यात तडा गेला आहे आणि थोडं काम केलं की माझी पाठ तापते. तरी परंदवडीतल्या या घरात मला कुणी टाकून देत नाही. त्याचं कारण मी तुम्हाला सांगणार आहे.

मला कुठल्या कारखान्यात घडवलं ते आठवत नाही. आठवतो तो प्रेरणाचा चेहरा. शाळा बंद होत्या त्या वर्षी तिच्या वडिलांनी, कैलास यांनी, मला तळेगावातून तिच्या अभ्यासासाठी आणलं. सकाळी मी गणितं दाखवायचो. दुपारी प्रेरणा माझ्यात ठोकळ्यांचा एक खेळ खेळायची. त्यात मातीचे, दगडाचे, लाकडाचे ठोकळे रचून आपलं जग उभं करायचं आणि त्यात जिवंत राहायचं.

जिवंत राहणं सोपं नव्हतं. त्या जगात तीन रात्री झोपलं नाही की आभाळात पंखांची भली मोठी जनावरं घिरट्या घालू लागत. प्रेरणा त्यांना वाघळं म्हणायची. वाघळं वरून झेप घ्यायची आणि तिच्या डोक्यावरच आदळायची. प्रेरणा बाणांमागून बाण सोडायची, सगळे वाया जायचे आणि ती मरायची.

एकदा तिचे आजोबा, नथूआबा, मागे उभे राहून बघत होते. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी ते म्हणाले, "आगं, वर फिरतंय तवर कशाला मारती? खाली येऊ दे की."

"खाली आलं की मला खातंय, आबा!"

"न्हाई खात. झेप घेतली की तेला वळता येत न्हाई. येकच वाट असती तेची, सरळ तुज्याकडं. तवा मार."

प्रेरणाने ओठ चावत वाट पाहिली. वाघूळ सरळ खाली आलं आणि तिने बाण सोडला. पहिल्याच बाणात ते पडलं. ती ओरडली, "आबा, तुमी कुटं शिकलात हे?"

मग आबांनी तिला शेताचं सांगितलं. गावाच्या खालच्या अंगाला त्यांचं शेत होतं. शेतात राखणीसाठी उंच माळा होता. माळ्यावर उभं राहून ते गोफणीने पोपटांचे थवे उठवायचे आणि रात्री रानडुकरांसाठी जागे राहायचे. भावांनी मिळून ते शेत विकलं. आता तिथे पत्र्याचं लांबलचक गोदाम आहे. आबा त्या रस्त्याने जात नाहीत, लांबून वळसा घालतात.

दुसऱ्या दिवसापासून प्रेरणा ते शेत माझ्यात बांधू लागली. आबा शेजारी बसून सांगायचे, "हीर तितं न्हाई, बांधाच्या अल्याड. जांभळीचं झाड जरा झुकलेलं व्हतं." ठोकळ्यांचं झाड झुकत नाही. मग प्रेरणाने एकेक ठोकळा सरकवून ते झुकवलं. माळा उभा राहिला तेव्हा आबा पुढे वाकून बघू लागले. नंतर त्यांनी धोतराच्या सोग्याने माझी काच पुसली. खरं तर माझी काच स्वच्छच होती, मित्रांनो.

दहावी झाली आणि प्रेरणा डिप्लोमासाठी नाशिकला गेली. मी फळीवर पडून राहिलो. माझ्यावर धूळ साचली. मला तिच्या बोटांची सवय झाली होती. घरात कुणाचा आवाज आला की वाटायचं, तीच आली.

आले ते आबा. जाड, खरबरीत बोटांनी त्यांनी मला चालू केलं. त्यांना तीनच गोष्टी जमायच्या: चालणं, माळ्यावर चढणं आणि बाण मारणं. रोज जेवण झालं की ते तासभर शेतावर जायचे. अर्थातच वाघळं यायची. आबांनी फोनवर प्रेरणाला सांगितलं, तेव्हा ती हसली. "आबा, माळ्याखाली खाट ठेवलीय ना, तिच्यावर झोपायचं. झोपलं की ती येतच न्हाईत. लगेच सकाळ होती."

आबा म्हणाले, "राखणदारच झोपला, तर राखण कसली?"

पलीकडे प्रेरणाचं हसू थांबलं. मग म्हणाली, "मांजरं आणून बसवू का माळ्यावर? मांजरांना भितात ती."

"नगं. येऊ देत. तेवढंच काम हाय मला."

मग मी म्हातारा झालो. खेळ उघडायला मला पाच-पाच मिनिटं लागू लागली. एका रविवारी कैलास म्हणाले, "आबा, हा टॅब साफ करून शेजारच्या समर्थला देतो, त्याला अभ्यासाला व्हईल. ह्यात तुमचं काय हाय का?"

"माजं काय आसनार तेच्यात?" आबा म्हणाले.

कैलास मला पिशवीत घालून तळेगावला घेऊन गेले. दुकानातल्या गौरवने मला उलटासुलटा केला. "सगळं पुसून टाकतो. नव्यासारखा पळेल." त्याने बटण दाबलं. खरंच पुसायचं का, असा प्रश्न माझ्या काचेवर उमटला. त्याचं बोट काचेजवळ आलं होतं. मला हाक मारता येत नाही, मित्रांनो. त्या वेळी फार वाटलं, की यावी.

इतक्यात दारात आबा उभे. कैलासच्या मागोमाग रिक्षा करून आले होते, धापा टाकत होते.

"थांब पोरा! पुसू नगंस. आत शेत हाय."

गौरवला वाटलं, सातबाऱ्याचे फोटो असतील. "कागदं दुसरीकडे काढून देतो, बाबा."

"कागूद न्हाई. शेत."

आबांनी खेळ उघडला. पाच मिनिटं तिघेही माझ्या काचेकडे बघत उभे होते. मग विहीर दिसली, बांध दिसला, झुकलेली जांभळ दिसली. कैलास खाली वाकले. त्यांचं सगळं लहानपण त्या बांधावर गेलं होतं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "आबा, मगाशी का न्हाई बोलला?"

आबा तोवर माळ्यावर चढले होते. समर्थसाठी कैलासनी दुसरा टॅब बघितला आणि मी घरी परत आलो.

गेल्या महिन्यात प्रेरणा चार दिवसांसाठी आली. दुपारी आबांच्या शेजारी बसून तिने त्यांचा नेम पाहिला. आबांचे डोळे लाल झाले होते. ती म्हणाली, "आबा, द्या हिकडं. मी राखते जरा. तुमी पडा."

"झोपशील न्हाई ना?"

"न्हाई झोपत."

आबांनी मला तिच्या हातात दिलं आणि तिथेच सतरंजीवर आडवे झाले. थोड्याच वेळात ते घोरू लागले. प्रेरणा माळ्यावर उभी राहिली. वाघळं आली, तिने त्यांना खाली येऊ दिलं आणि एकेक करून पाडलं. खाटेकडे ती गेली नाही. आबा उठेपर्यंत, चांगले दोन तास, तिने शेत राखलं.

सोमवारी ती गेली. आता आबा आणि मी, दोघंही तिची वाट पाहतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं मंद, तापणारं यंत्र असेल. ते पुसण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा. आणि म्हातारं माणूस "माझं काही नाही" म्हणालं, तर जरा थांबून पुन्हा विचारा.