भुरीचा मागचा पाय

भुरी लंगडायला लागली तेव्हा हिलालला सगळ्यात आधी आठवला तो सुकदेव.

सुरतेजवळच्या भेस्तानमधल्या एका लायनीत, म्हणजे बैठ्या चाळीत, दहा खोल्या होत्या, सगळ्या खानदेशी माणसांच्या. हिलाल जवळच्याच लूमच्या कारखान्यात मुकादम होता. प्लेगच्या साली सगळे भिऊन गावी पळाले. परत आले तेव्हा बंद कारखान्यामागे एक कुत्री व्यायलेली होती आणि तिचं एकच पिल्लू जिवंत होतं. हिलालच्या बायकोने, सुंदराने, ते पदरात गुंडाळून घरी आणलं. घरात मूलबाळ नव्हतं, त्यामुळे चार वर्षांत भुरी लाडाने चांगलीच सुटली. उरलेली भाकरी तिची, चहात बुडवलेलं बिस्किटही तिचंच.

सुकदेव शेजारच्या खोलीत राहायचा. त्याच कारखान्यात हिलालच्या हाताखाली कारीगर होता, गावही अमळनेरकडचं. त्याची बायको सरलाबाई बाहेर खाटेवर कुरडया वाळत घालायची आणि भुरी त्यात तोंड घालायची. एकदा सुकदेव लायनीतल्या सगळ्यांसमोर ओरडला होता, "एक दिन तंगडीच तोडसू इनी!"

मार्चमधल्या एका दुपारी हिलाल पाळी संपवून आला, तर सुंदरा दारातच बसलेली.

"भुरीना पाय पाहा बरं. टेकी नही राह्यनी ती."

भुरीने मागचा उजवा पाय उचलून धरला होता. हात लावला की दात दाखवायची.

"कोणी मारं तिले?"

"मी पाहं नही. आते बाहेरून केकाटत उनी."

हिलालने शेजारच्या दाराकडे पाहिलं. दाराशी सुकदेवची बांबूची काठी टेकवून ठेवलेली होती. आत सुकदेव जेवत होता. हिलालने विचारलं तेव्हा तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, "मी हात लावेल नही तिले." मान वर केली असती तर हिलालने कदाचित विश्वास ठेवला असता.

आठवडा झाला तरी पाय खाली येईना. मग कुणीतरी उधना रस्त्यावरच्या एका जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. चंचलबेन पन्नाशीच्या होत्या, हातात जोर होता. आधी त्यांनी एक्स-रे काढून आणायला लावला. तो उजेडासमोर धरला आणि म्हणाल्या, "हड्डी बराबर छे."

"मग लंगडते कशी?" हिलालने विचारलं. त्याला वाटलं, बाईंना काही समजलेलंच नाही.

त्यांनी भुरीला आडवं केलं. एका हाताने मांडी धरली, दुसऱ्या हाताने नडगी, आणि नडगी हळूच पुढे ढकलली. ती टेबलाच्या खणासारखी पुढे सरकली. हिलाल दचकला. सांध्याला असा खेळ त्याने फक्त झिजलेल्या मशीनमध्ये पाहिला होता.

"गुडघ्याच्या आत एक दोरी असते, दोन हाडांना बांधून ठेवणारी. ती तुटली आहे," चंचलबेन हिंदीत म्हणाल्या. "आता बाहेरून दुसरी बांधावी लागेल."

"कसली?"

त्यांनी कपाटातून जाड, पांढऱ्या नायलॉनची गुंडाळी काढली. हिलालने तो धागा दोन्ही हातांत घेऊन ओढून पाहिला. आयुष्यभर त्याने नायलॉनच विणलं होतं.

"हा तर मासे पकडायचा धागा!"

"हां. वही. उकळून, साफ करून घालते."

"आणि हा तुटला तर?"

"तुटेलच एक दिवस. पण तोवर सांध्याभोवती शरीर स्वतःच घट्ट जाळं धरतं. मग धाग्याचं काम संपतं."

घरी आल्यावर हिलाल सुंदराला म्हणाला, "बाई आधीच सांगस, धागा तुटी जाईन! नुसती कातडी कापीसन टाका घाली देईन ती. आपले काय समजनार?"

तरीही भुरीला नेलंच, पण एका अटीवर. ऑपरेशन समोर उभं राहून बघणार. चंचलबेननी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग त्याच्या तोंडाला फडकं बांधून त्याला दाराशी उभं केलं. "चक्कर आली तर बाहेर पडायचं. मी उचलायला येणार नाही."

चक्कर आली नाही. बेशुद्ध भुरीचा गुडघा उघडला, तेव्हा बाईंनी चिमट्याने आतली एक पिवळसर चिंधी उचलून दाखवली. तिची टोकं पिंजलेली होती.

"बघितलं? हे मारामुळे एका झटक्यात तुटलेलं नाही. कित्येक महिने आतून झिजत होतं. वजन जास्त, त्यातून काही कुत्र्यांची जातच अशी. पळताना वळली असेल, तेवढंच निमित्त. कुणी मारलेलं नाही हिला."

हिलालने ती टोकं नीट पाहिली. झटक्याने तुटलेला ताणा, म्हणजे मागावरचा उभा धागा, आणि घासून घासून तुटलेला ताणा, यांतला फरक कारखान्यात त्याच्याइतका कुणालाच कळत नव्हता. हे घासून तुटलेलं होतं.

पण घरी येऊन तो सुंदराला हे बोलला नाही. कारण दहाही खोल्यांमध्ये तो एव्हाना सांगून बसला होता की सुकदेवने मुक्या जनावराचा पाय तोडला. शिवाय मनात कुठेतरी वाटतच होतं, डॉक्टर तिथे उभी होती का? तिला काय माहीत?

भुरीला सहा आठवडे बांधून ठेवलं. तेवढ्या दिवसांत हिलालने सुकदेवला कारखान्यातले सगळ्यात वाईट लूम दिले, कोपऱ्यातले, ज्यांचे ताणे दर घटकेला तुटायचे. सुकदेव दिवसभर गाठीच मारत राहायचा. कापड निघेना. शेठच्या शिव्या त्यालाच. तो एकदाच मुकादमासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आप्पा, कुत्रीवरून करी राह्यनात ना हाई?"

"कसानी कुत्री? काम ते काम," हिलाल म्हणाला.

मे महिन्यात सुकदेव बायकोला घेऊन कडोदऱ्याला दुसऱ्या कारखान्यात निघून गेला. सरलाबाईने जाताना सुंदराशी बोलणंही टाळलं. तोवर भुरी चारही पायांवर चालू लागली होती. लायनीतली माणसं म्हणायची, बरं झालं, पीडा गेली. हिलालही मान डोलवायचा.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सकाळचे आठ वाजले होते. हिलाल दारात दात घासत उभा होता. भुरी समोरच्या मोकळ्या जागेत कावळ्यामागे धावली. आसपास माणूस नव्हतं, सायकल नव्हती, दगडही नव्हता. ती वळली, एकदम केकाटली आणि थांबली. मागचा डावा पाय तिने उचलून धरला होता.

हिलालच्या तोंडात पेस्टचा फेस तसाच राहिला.

चंचलबेननी तपासलं आणि फारसं आश्चर्य न दाखवता म्हणाल्या, "एक गेला की दुसराही जातो, पुष्कळ वेळा. मी म्हटलं होतं ना, आतून झिजतं."

"म्हटलं होतं," हिलाल म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याने सुंदराला सगळं सांगितलं, पहिल्या ऑपरेशनच्या वेळी काय पाहिलं तेही. सुंदराने थापायला घेतलेली भाकरी परातीतच ठेवली. मग म्हणाली, "सात महिना तुमले माहीत व्हतं?"

रविवारी तो कडोदऱ्याला गेला. सुकदेवची खोली शोधायला दुपार झाली. सरलाबाईने दार उघडलं आणि पदर सावरून तशीच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. मागून सुकदेव आला.

"काय काम काढं, आप्पा? आठे बी मुकादम व्हयी गयात का?"

हिलालने उभ्या उभ्याच सांगितलं. दुसरा पाय कसा गेला, डॉक्टरीणबाई पहिल्या वेळी काय म्हणाल्या होत्या, आणि आपण ते कसं दाबून ठेवलं. सुकदेव त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होता, जणू या सगळ्यामागे दुसरंच काहीतरी आहे.

"शेठने धाडं का तुमले? माणसं कमी पडी राह्यनात?"

"नही रे. मी मन्हा मनथीन उनू."

सरलाबाईने पाण्याचा तांब्या आणून खाली ठेवला. मग सुकदेव चौकटीला टेकून, आवाज खाली आणून बोलला.

"काठी मी उगारेल व्हती, आप्पा. त्या दिन. लागनी नही तिले, पन ती पळनी आन केकाटनी. तवयपाईन मी इचार करस, मन्हामुळेच व्हयनं का? म्हनीसनच तुमना तोंडकडे पाहता येत नव्हतं."

हिलालला घटकाभर वाटलं, म्हणजे माझंच खरं होतं! तो विचार इतक्या झटकन आला की त्याची त्यालाच लाज वाटली.

"आज नही तर उद्या, ती दोरी तुटतीच," तो म्हणाला. "बाईनी माले दावी."

"खरं सांगी राह्यनात?"

"खरं."

सुकदेवने मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही. चहा झाला. परत ये, चांगले लूम देतो, असं हिलाल म्हणाला, तेव्हा सुकदेवने नकार दिला. इथे बरं चाललं होतं.

भुरीचा दुसरा पायही चंचलबेननी बांधला. या वेळी हिलाल आत उभा राहिला नाही, बाहेर बाकावर बसून राहिला. संक्रांतीपर्यंत ती पुन्हा चालायला लागली, थोडी वाकडी, पण चारही पायांवर. सुंदराने तिची बिस्किटं बंद केली. हिलालने लायनीतल्या एकेका घरी जाऊन खरं काय ते सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींना वाटलं की सुकदेवशी काहीतरी मिटवामिटवी झाली असणार.

सुकदेव आणि तो अजून लग्नकार्यात भेटतात. बोलतात, शेजारी बसून जेवतात. फक्त हिलालने काही विचारलं की सुकदेव उत्तर देण्याआधी मान वर करून क्षणभर त्याच्याकडे पाहतो.