बाकं नसलेली लाँच

थोरला धक्क्यावर आला तेव्हा लाँचमधली एक सोडून सगळी बाकं बाहेर रचून ठेवलेली होती आणि धाकटा पाना घेऊन शेवटच्या बाकाशी झटत होता. घरातला दिवा बदलायलाही माणूस बोलावणारा हा भाऊ सकाळी सकाळी हात काळे करून घेतो, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. पण भावांच्या बाबतीत माणूस हिशेबाला जरा उशिराच बसतो.

"रंग देतोय, दादा."

"रंग कुठाय?"

"आणायचाय."

वडील गेल्यापासून वाटणी ठरलेली होती: पाणी थोरल्याचं, कचेऱ्या धाकट्याच्या. गेल्या वर्षी नियम आला की उतारू नेणाऱ्या प्रत्येक बोटीने उतारूंच्या इजेचा विमा काढलाच पाहिजे, नाहीतर धंदा बंद. धाकट्याने काम उरकलं आणि थोरला निर्धास्त झाला. इतका, की मागच्या महिन्यात शिवणवाल्या बाई लाँचवर चढताना फळीवरून घसरल्या, खुबा मोडला, तेव्हा त्याने छातीठोकपणे सांगितलं, "बाई, खर्चाचा घोर नको. आता कायदाच आहे. कंपनीला कळवा." बाईंच्या लेकीने कळवलं. आज कंपनीचा माणूस पाहणीला यायचा होता.

आणि बाकं बाहेर.

"विमा कसला काढलायस?" थोरल्याने विचारलं.

धाकट्याने शेवटचं बाक बाहेर ओढलं, पाना पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. "मालवाहू बोटीचा. स्वस्त पडतो. बंदर कचेरीत नुसता नंबर विचारतात, आत कोण बघतंय?"

"आपण माणसं नेतो."

"आज नाही नेत. सामानाची बोट आहे म्हणून सांगणार. बाईंना तू ओळखीखातर चढवलंस, एकदाच."

"मी?"

"सुकाणूवर तूच होतास ना."

लहानपणी धाकट्याने फोडलेली प्रत्येक काच थोरल्याने आपल्या नावावर घेतली होती. पण तेव्हा तो निदान विचारायचा, "दादा, घेशील ना?" आज परस्परच नोंद झाली होती.

"आणि बाई?"

"बघू काहीतरी."

"माझा परवाना जाईल."

"तुझं वय झालंच की आता. मी आहे ना."

तेवढ्यात कंपनीचा माणूस आला. धाकटा एकदम मऊ झाला. "या साहेब. ही आपली सामानाची बोट. बघा, बसायलासुद्धा जागा नाही."

थोरला पाठ फिरवून केबिनमध्ये गेला. रुसला असेल, असं धाकट्याने धरलं. रुसवा त्याला परवडणारा होता.

थोरल्याने भोंगा वाजवला. रोजच्यासारखा, दोनदा, लांब.

चहाच्या टपरीवर ताटकळलेले उतारू धक्क्याकडे निघाले. पुढे इस्पितळातली नर्स, मागे गवंडी, त्यांच्यामागे बाकीचे.

"काय हो कप्तान, आज उभ्याने न्यायचा बेत आहे का?" नर्सने विचारलं.

"नाही. जरा हात लावा. बाकं आत घ्या."

कुणाला जागा दाखवावी लागली नाही. "ते इंजिनापाशी नको रे, ते माझं, खिडकीचं," नर्स गवंड्यावर डाफरली. बाकांचे पाय जुन्या भोकांवर नेमके बसले.

"रोज जाता?" कंपनीच्या माणसाने विचारलं.

"रोज," गवंडी म्हणाला. "जरा गाद्या टाका म्हणावं यांना."

धाकटा केबिनच्या दाराशी आला. "लाँच जाईल, दादा."

"जाऊ दे. विकून बाईंचं भागवू."

"सख्ख्या भावाला बुडवलंस."

इंजिन सुरू न करताच थोरला बाहेर आला. सगळे आपापल्या जागी बसलेले होते.

"उतरा," तो म्हणाला. "लाँच सुटायची नाही. तुमचा कुणाचाच विमा नाही."

"कधीपासून?" नर्सने विचारलं.

थोरल्याने धाकट्याकडे बोट केलं. "त्याला विचारा."